दाणे देणे सोपे, जागा सोडणे अवघड

पक्ष्यांची सेवा म्हटले की आपल्या मनात आधी काय येते? बहुधा मूठभर दाणे. अंगणात टाकलेली ज्वारी, गच्चीवरचे पाण्याचे भांडे, पितृपक्षात कावळ्यासाठी काढून ठेवलेला घास. आपल्या घरांतून हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पंचमहायज्ञांमधला भूतयज्ञ हेच शिकवतो, की जेवायला बसण्यापूर्वी माणसाने आपल्या अन्नातला थोडा वाटा इतर जिवांसाठी बाजूला काढावा. साधनेच्या वाटेवर आलेल्या कितीतरी जणांच्या सेवेची सुरुवात अशाच एखाद्या मुठीपासून झालेली असते.

या लेखात त्या मुठीच्या पुढचा एक प्रश्न आपल्यासमोर ठेवायचा आहे. आपण एखाद्या जिवाला काही देतो, तेव्हा त्याला जे हवे आहे ते देतो की आपल्याला जे द्यायला आवडते ते? आणि ज्याला आपल्या हातून काहीच नको आहे, आपण थोडे बाजूला व्हावे एवढेच हवे आहे, त्याची सेवा कशी करायची?

मी जयपूरच्या प्रताप नगरमध्ये राहते. शहराच्या दक्षिणेला, सांगानेर भागातली ही गृहनिर्माण मंडळाची मोठी वसाहत आहे. म्हणून पुढची बरीच उदाहरणे इथली आणि राजस्थानातली आहेत. तुम्ही पुण्यात, नागपुरात, बेळगावात किंवा इंदूरला असाल, तर आपल्या गल्लीचे नाव घालून वाचावे. फारसा फरक पडणार नाही.

दाणे कोणापर्यंत पोहोचतात?

जयपूरमध्ये पक्ष्यांना दाणे घालण्याची प्रथा मोठी आहे. सकाळी अल्बर्ट हॉलसमोर गेलात तर कबुतरांचे थवेच्या थवे उतरलेले दिसतात. बाजूला धान्य विकणारे बसलेले असतात. कामावर निघालेला माणूस वाटेत थांबतो, ज्वारी-बाजरी विकत घेतो, उधळतो, क्षणभर हात जोडतो आणि पुढे जातो. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते खोटे नसते. दिवसाची सुरुवात दुसऱ्याला काही देऊन करावी, ही भावना आदराचीच आहे.

आता त्या दाण्यांचा प्रवास पाहू. कबूतर हा मूळचा कड्याकपारींत राहणारा पक्षी. आपल्या इमारतींच्या खिडक्या, सज्जे, वातानुकूलन यंत्रामागच्या फटी त्याला कपारींसारख्याच वाटतात. शहर वाढते तसे त्याचे घरही वाढते. म्हणजे ज्याला शहराने आधीच भरभरून दिले आहे, त्याच्याच पुढे आपण आणखी वाढतो. एका जागी फार कबुतरे जमली की त्यांच्या विष्ठेचा त्रास माणसांच्या फुप्फुसांना होऊ शकतो. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद झाला, तो आपल्याला आठवत असेल. एका बाजूला जीवदया होती, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचे आरोग्य. दोन्ही बाजूंना चांगली माणसे होती. दयेलाही विचाराची जोड लागते, एवढे तरी त्यातून आपण घ्यावे.

उरलेल्या पक्ष्यांचे काय? तारेवर बसणारा हिरवा वेडा राघू उडते किडे पकडून खातो. त्याला आपली बाजरी कशाला हवी? सातभाई पाचोळा उलटापालटा करून त्याखालचे किडे वेचतात. आपण पाचोळा झाडून जाळला की त्यांचे ताटच गेले. पिंगळा जुन्या झाडाच्या ढोलीत राहतो. झाडाला वाळकी फांदी किंवा पोकळ खोड असणे हे आपल्याला धोक्याचे वाटते, त्याला ते घर वाटते.

चिमणीचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना सुरुवातीच्या दिवसांत ती मऊ किडे आणि अळ्या भरवते. म्हणजे दाण्यांची वाटी आणि लाकडी घरटे दोन्ही दिले, आणि आजूबाजूच्या गवतावर, कुंपणावर कीटकनाशक फवारले, तर चिमणी येईल पण पिल्ले उपाशी राहतील. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारामुळे २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपण घरटी वाटतो, हे चांगलेच आहे. त्याबरोबर घरामागची थोडी गवताळ जागा तशीच ठेवण्याचा संकल्प केला, तर ते घरटे कामी येईल.

टिटवी आणि रविवारची सेवा

आता एक प्रसंग कल्पून पाहा. तुमच्या केंद्राने रविवारच्या सत्संगानंतर सेवा ठरवली आहे. वसाहतीच्या कडेला एक मोकळी जागा आहे. खडे, वाळके गवत, थोडा कचरा, दोन-चार बोरीची झुडपे. तीस स्वयंसेवक जमले आहेत. कचरा उचलायचा, झुडपे काढायची, जमीन सपाट करायची आणि पन्नास रोपे लावायची असा बेत आहे. फावडी, टोप्या, रोपांचा टेम्पो, सगळी तयारी झाली आहे. आणि तुम्ही पुढे पाऊल टाकताच एक टिटवी ओरडत तुमच्या डोक्यावरून घिरट्या घालू लागते.

महाराष्ट्रात टिटवीच्या ओरडण्याला अनेक घरांत अशुभ मानतात. राजस्थानात शेतकरी तिची अंडी कुठे आहेत ते पाहून पावसाचा अंदाज बांधतात. तिने उंच जागी अंडी घातली तर पाऊस जास्त पडणार, असे म्हणतात. दोन्ही ठिकाणी आपण तिच्या आवाजात स्वतःबद्दलची बातमी शोधतो. प्रत्यक्षात ती एवढेच सांगत असते, की इथे माझी अंडी आहेत.

टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर खड्यांच्या उथळ खळग्यात ती तीन-चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा, वर काळे ठिपके, त्यामुळे हातभर अंतरावरूनही ती दिसत नाहीत. नर आणि मादी आळीपाळीने जवळपास २८ ते ३० दिवस ती उबवतात. जयपूरच्या मे महिन्यात, जेव्हा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उबवण्यापेक्षा गारवा देण्याचे काम मोठे असते. त्या वेळी टिटवी जवळच्या पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि परत येऊन त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. असे दिवसातून किती वेळा होत असेल याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आता सांगा, त्या सकाळी सेवा कोणती?

पन्नास रोपे लावली तर फोटो निघतील, अहवालात आकडा जाईल, मन प्रसन्न होईल. टिटवीला झाडांचा उपयोग नाही. तिला चहूबाजूंचे दिसेल अशी उघडी जमीनच लागते. तितर, चंडोल, गवतात राहणारे कितीतरी लहान पक्षी असेच आहेत. आपल्याला जी जागा ओसाड वाटते ती त्यांची भरलेली गृहस्थी आहे. त्या दिवशी कचरा उचलून, अंड्यांपासून लांब राहून, फावडी परत घेऊन जाणे हीच सेवा ठरेल. आणि हे फार अवघड आहे, कारण हात रिकामे घेऊन परतताना आपण काही केले असे वाटतच नाही.

पंचतंत्रातली टिटवीच्या जोडप्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. समुद्र त्यांची अंडी ओढून नेतो, पक्षी एकत्र येतात, गरुडाकडून गाऱ्हाणे विष्णूपर्यंत पोहोचते आणि शेवटी समुद्राला अंडी परत द्यावी लागतात. त्या गोष्टीत आपण नेहमी टिटवीच्या बाजूने असतो. प्रश्न एवढाच आहे, की आज आपल्या वसाहतीच्या कडेला समुद्र कोण आहे?

‘पडीक’ या शब्दाकडे पुन्हा पाहू या

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. हिशेबाच्या वहीत जे दिले ते लिहिले जाते, जे मिळाले ते लिहिले जाते. जे घेता आले असते पण घेतले नाही, त्यासाठी रकाना नसतो. जमिनीच्या बाबतीतही आपले असेच होते. ज्या जमिनीवर पीक नाही, इमारत नाही, दाट झाडी नाही, तिला आपण ‘पडीक’ म्हणतो. देशातल्या पडीक जमिनींचे जे सरकारी नकाशे निघाले, त्यांत खुरटी झुडपे असलेले माळही मोजलेले आहेत. एकदा हा शब्द चिकटला की त्या जागेचे काहीतरी करायला हवे, असे सगळ्यांना वाटू लागते.

आपल्या पूर्वजांकडे मात्र न घेतलेल्या जमिनीसाठी आदराचे शब्द होते. महाराष्ट्रात देवराई, राजस्थानात ओरण. देवाच्या नावाने सोडलेली जागा. अनेक ओरणांत गुरे चरतात, खाली पडलेले लाकूड उचलता येते, पण झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही असा नेम असतो. इथे माणसाने देवाला काही वाहिले नाही. त्याने आपला हात आवरला, आणि तेच अर्पण झाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या अशा प्रत्येक ओरणाची प्रत्यक्ष पाहणी करून आणि उपग्रहाच्या मदतीने नोंद करावी, असा निर्देश दिला. गावांनी शतकानुशतके न लिहिता पाळलेली गोष्ट आता कागदावर येऊ लागली आहे.

पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांत शेवटचा अपरिग्रह. आपण त्याचा अर्थ बहुधा वस्तूंपुरता घेतो. कपाटात किती कपडे, खात्यात किती पैसे. अपरिग्रह जमिनीलाही लागू होतो, हे देवराई आणि ओरण सांगतात. पाचांतला पहिला यम अहिंसा. अहिंसेचे पालन आपण हात न उचलण्याने करतो. पण ज्या जिवाला राहायला जागाच उरली नाही, त्याच्यावर हात उचलावा लागतच नाही. म्हणून आजच्या शहरात अपरिग्रहाशिवाय अहिंसा पुरी होत नाही.

सोडून दिलेल्या जागेचे काय होते, याचे एक उदाहरण आमच्या सांगानेर परिसरातच आहे. ‘डोल का बाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही सुमारे शंभर एकर जमीन काही दशकांपूर्वी उद्योगांसाठी घेतली गेली. पण ती बराच काळ तशीच राहिली आणि झाडे आपोआप वाढली, पक्षी आले. आता तिथे प्रकल्प उभे राहायचे आहेत आणि ते रान वाचावे म्हणून जयपूरचे नागरिक प्रयत्न करत आहेत. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नाही. आपण एवढेच लक्षात घेऊ, की ते रान कोणी लावले नव्हते. माणूस काही वर्षे तिथून दूर राहिला, आणि मातीने आपले काम केले.

दुसरे उदाहरण जयपूरच्या उत्तरेचे. विद्याधर नगरजवळ, नाहरगडच्या पायथ्याच्या वाळूच्या टेकड्यांवर किशन बाग नावाचे उद्यान २०२१ च्या अखेरीस सुरू झाले. झाडांचे अभ्यासक प्रदीप कृष्ण यांनी त्याची आखणी केली. तिथे हिरवळ नाही, विदेशी फुलांचे ताटवे नाहीत. वाळूत आणि खडकात जे मूळचे उगवते तेच गवत, तीच झुडपे, तीच झाडे तिथे वाढवली आहेत. याच अभ्यासकांनी त्यापूर्वी, २००६ पासून, जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याजवळ राव जोधा उद्यानाचे काम केले. तिथे काही लावण्याआधी खडकांच्या फटींत खोल रुजलेली वेडी बाभूळ काढावी लागली, आणि त्यासाठी दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या कारागिरांची छिन्नी-हातोडी कामी आली. ही परदेशातून आलेली बाभूळ गेल्या शतकात मुद्दाम पसरवली गेली होती. रखरखीत प्रदेश हिरवा व्हावा हाच हेतू होता. हेतू चांगला होता, पण त्या जमिनीला काय हवे आहे ते विचारायचे राहून गेले. आपण रोपांचा टेम्पो मागवतो तेव्हा हे आठवावे.

मनात येणारे तीन आक्षेप

हे वाचताना तुमच्या मनात काही प्रश्न आले असतील. ते योग्यच आहेत.

पहिला प्रश्न: माणसांना घरे नकोत का? नक्कीच हवीत. प्रताप नगरही कधी काळी मोकळी जमीनच होती, आणि मी तिथेच राहून हे लिहिते आहे. कोणाच्या मालकीच्या जागेवर त्याला घर बांधू नको असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण वसाहतीत मालकाची नसलेली, सर्वांची अशी बरीच जागा असते. बागेचा मागचा कोपरा, मैदानाची कड, नाल्याचा काठ, मंदिरामागची पट्टी. तिथे प्रत्येक इंचावर फरशी किंवा हिरवळ असलीच पाहिजे, असे थोडेच आहे? आणि टिटवीला तर कायमची जागाही नको असते. तिला २८ ते ३० दिवस हवे असतात. काम महिनाभर पुढे ढकलणे पुरेसे होते.

दुसरा प्रश्न: झुडपे ठेवली की साप येतील, डास होतील. डास साचलेल्या पाण्यात होतात, म्हणून डबक्यांची आणि भांड्यांची काळजी घ्यायलाच हवी. सापाची भीती खरी आहे आणि लहान मुले खेळतात तिथे गवत कापलेच पाहिजे. पण भीतीची मर्यादा आपण ठरवायची. घराजवळ स्वच्छता आणि दूरच्या कडेला रान, अशी विभागणी करता येते. शिवाय एक गोष्ट मनाला विचारून पाहावी. मोर आवडतो, मोर जे खातो ते आवडत नाही, असे प्रेम किती दूर जाईल? सृष्टीत देव पाहायचा तर निवडक दाखल्यांवर थांबता येत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यांत कठीण आहे: सोडायचे कोणी? सोलापूरजवळच्या नान्नजची कथा इथे उपयोगी पडेल. माळढोक हा उघड्या माळावर राहणारा मोठा पक्षी. मादी जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो तिथला राज्यपक्षी आहे. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. कागदावर त्याचे क्षेत्र जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. त्यात शेते होती, गावे होती, माणसांचे व्यवहार होते. निर्बंधांमुळे लोकांच्या अडचणी वाढल्या आणि ज्याच्यासाठी हे सारे केले त्या पक्ष्याबद्दलच मनात कटुता आली. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. दरम्यान माळ शेतीखाली गेले, विजेच्या तारा आल्या, काही माळांवर झाडेही लावली गेली. आज नान्नजला माळढोक दिसणे ही दुर्मीळ गोष्ट झाली आहे.

यातून मला समजते ते असे. दुसऱ्याने सोडावे असे सांगणे हे दाणे टाकण्यापेक्षाही सोपे आहे. त्यात आपले काही जात नाही आणि पुण्य मात्र आपल्या नावावर लागते. ज्याच्या वाट्याचे जाते त्याला विश्वासात घेतल्याशिवाय कोणताही पक्षी वाचत नाही. म्हणून सुरुवात स्वतःच्या वाट्यापासून करावी. माझी गाडी लावायची जागा, माझ्या घरासमोरची हिरवळ, माझ्या सणाची मौज. आधी तिथे काही सोडून पाहावे आणि मग शेजाऱ्याकडे जावे.

सण आणि रोजचा नेम

सणाचे म्हणाल तर जयपूरचा १४ जानेवारी पाहण्यासारखा असतो. मकरसंक्रांतीला सारे शहर गच्चीवर असते आणि आकाश पतंगांनी भरून जाते. त्याच दिवशी मांजाने पंख कापलेले पक्षी उपचार केंद्रांत येत राहतात. स्वयंसेवक रात्रीपर्यंत त्यांना पट्ट्या बांधतात. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या आणि तशाच कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. पक्षी घरट्यांतून निघतात आणि परततात त्या वेळा टाळाव्यात म्हणून जयपूरचे प्रशासन सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ५ ते ७ पतंग उडवण्यास मनाई करते.

पट्टी बांधणाऱ्याची सेवा मोठी आहेच. पण संध्याकाळी पाच वाजता वारा छान आहे, सगळे उडवत आहेत, आणि तरीही एखादा मुलगा आपला पतंग उतरवून चकरी गुंडाळून ठेवतो. त्याने कोणता पक्षी वाचवला हे त्याला कधीच कळणार नाही. त्याचे आभार मानायला कोणी येणार नाही. निष्काम कर्म म्हणजे काय हे आपण प्रवचनांत ऐकतो. ते गच्चीवर असे दिसते.

उन्हाळ्यात इथे परिंडे बांधतात. परिंडा म्हणजे पक्ष्यांसाठी झाडाला टांगलेले पाण्याचे मातीचे भांडे. एप्रिल आला की संस्था, शाळा, मंडळे उत्साहाने परिंडे बांधतात. बांधण्याचा दिवस सुंदर असतो. पण परिंड्याची कसोटी तिसाव्या दिवशी लागते. त्या दिवशी त्यात पाणी आहे का? ते धुतलेले आहे का? घाणेरड्या भांड्यातून पक्ष्यांमध्ये रोग पसरतात, आणि आठवडाभर तसेच राहिलेल्या पाण्यात डासांची पैदास होते. वीस परिंडे बांधून विसरण्यापेक्षा एक परिंडा जूनअखेरपर्यंत रोज घासून भरणे ही मोठी साधना आहे. नित्यनेम हा शब्द आपण जपासाठी वापरतो, तो इथेही वापरता येईल.

राजस्थानातली खेजडलीची कथा तुम्हाला माहीत असेल. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या या गावात खेजडीची झाडे तोडायला राजाची माणसे आली, तेव्हा अमृतादेवी आणि त्यांच्या मागोमाग बिश्नोई समाजाचे लोक झाडांना मिठी मारून उभे राहिले. एकूण ३६३ जणांनी प्राण दिले. ही खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी. या कथेत आपण तो एक दिवस पाहतो. त्यामागची वर्षे पाहत नाही. जांभोजींनी १४८५ मध्ये २९ नियम घालून दिले होते. हिरवे झाड तोडू नये, जिवांवर दया करावी हे त्यांतलेच नियम. म्हणजे खेजडलीच्या आधी जवळपास अडीचशे वर्षे घराघरांत हे नियम रोज पाळले जात होते. ज्यांनी रोज थोडे सोडले होते, त्यांना वेळ आली तेव्हा सर्वस्व सोडता आले.

सुरुवात कुठून करावी?

तुम्हाला यात उतरायचे असेल तर मोठ्या योजनेची गरज नाही. आधी एक जागा निवडा. घरापासून चालत जाता येईल अशी, वर्षभर पाहता येईल अशी. आठवड्यातून एकदा तिथे जा आणि वहीत लिहा: कोण दिसले, काय करत होते, काय खात होते. पहिल्या महिन्यात काहीही बदलू नका, लावू नका, काढू नका. नुसते पाहा.

नावे शिका. नाव कळले की ओळख होते आणि ओळख झाली की काळजी वाटू लागते. मराठीत पक्ष्यांच्या नावांचे मोठे काम मारुती चितमपल्लींनी करून ठेवले आहे. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर, म्हणून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजण्याचा उपक्रम असतो, त्यात पंधरा मिनिटांची नोंदही चालते. मुलांना आणि आजी-आजोबांना बरोबर घ्या. वसाहतीत तीस वर्षांपूर्वी काय होते हे आजी-आजोबाच सांगू शकतात.

मग माणसांशी बोला. बागेच्या माळ्याशी, सफाई करणाऱ्या ताईंशी, वसाहतीच्या समितीशी. टिटवी कुठे बसते हे बहुधा माळीबाबांना आधीच माहीत असते, कोणी विचारलेले नसते. केंद्रात सेवेचा बेत ठरताना एक प्रश्न रीतसर विचारा: या जागेत आत्ता कोण राहते? उत्तर मिळाल्यावर झाडे लावायची ठरली, तर जिथे झाडेच हवीत तिथे, आणि त्या मातीतलीच लावा. आमच्याकडे खेजडी, बोर, केर, रोहिडा. तुमच्याकडे दुसरी असतील.

आणि एक सराव. आठवड्यातून एका संध्याकाळी त्या निवडलेल्या जागी दहा मिनिटे शांत बसा. डोळे उघडे ठेवून. हातात दाणे नकोत, फोन नको. सुरुवातीला पक्षी दूर जातील. थोड्या वेळाने त्यांना कळते, की या माणसाला आपल्याकडून काही नको आहे. मग ते आपापल्या कामाला लागतात. आपण तिथे असूनही कोणाला आपले भय वाटत नाही, ही अवस्था काही क्षण अनुभवून पाहा. ध्यानात आपण जे शोधतो त्याच्याशी तिचे नाते आहे.

येत्या रविवारी आपल्या केंद्रात सेवेची यादी होईल, तेव्हा तिच्यात एक ओळ वाढवावी अशी विनंती आहे: या महिन्यात आपण कोणती जागा सोडणार?